हजेरीपटावरचे नाव : आरेच्या दूधवसाहतीतून दिसणारा कामगार-कायद्यांचा इतिहास



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा आपल्याकडचा चांगला रिवाज आहे. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. कामगार-कायद्याची पुस्तके मी वाचली ती परीक्षेसाठी नाही. उद्या सकाळी लेबर ऑफिसात काय बोलायचे, या धास्तीने वाचली. त्यामुळे कायद्यांचा इतिहास मला कलमांच्या क्रमाने कधी भेटलाच नाही, तो माणसांच्या क्रमाने भेटला. आज त्याच क्रमाने तो आपणांपुढे मांडणार आहे. कुठे घसरलो तर सभेतील वकीलमंडळींनी सांभाळून घ्यावे.

चालकांनी दिलेला विषय कामगार-कायदे, कामगार-संघटना आणि रोजगाराचे धोरण असा आहे. एका संध्याकाळी तो पुरा होणार नाही. म्हणून मी एकच वही हातात धरणार आहे. ती म्हणजे हजेरीपट. कारखान्यात आम्ही तिला मस्टर म्हणतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कायद्याने कामगाराला जे जे दिले, ते बहुतेक या वहीत ज्याचे नाव आहे त्याला दिले. ज्याचे नाव नाही त्याला कायदा ओळखत नाही. कामगार-चळवळीचा इतिहास हा पगारवाढीचा इतिहास आहे असे सामान्यतः समजतात. परंतु त्याआधी तो नाव लागण्याचा इतिहास आहे. हे नाव कधी मालकाने गाळले, कधी सरकारने गाळले, आणि सांगताना मान खाली जाते, पण कधी आमच्या संघटनांनीही गाळले.

एक दूध, पाच तऱ्हेचे हात

या सभामंडपापासून आरेचा नाका दूर नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

मुंबईच्या दाट वस्तीत पूर्वी म्हशींचे तबेले होते. घाण, भेसळ आणि आटलेल्या म्हशींची कत्तल, या तिन्ही गोष्टींनी सरकार हैराण होते. गोठे शहराबाहेर न्यावेत, दूध एका ठिकाणी गोळा करून, निर्जंतुक करून बाटल्यांत भरावे आणि ठरावीक दराने घरोघर पोचवावे, अशी योजना तेव्हाच्या मुंबई राज्याने आखली. ती राबवणारा कर्ता अधिकारी म्हणजे दारा खुरोडी. १९४९ साली गोरेगावच्या डोंगराळ भागात वसाहतीला आरंभ झाला आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जमीन सुमारे ३,१६० एकर, गोठ्यांची तीसएक युनिटे, म्हशी सोळा हजारांच्या आसपास. स्वतंत्र भारताने दाखवायला म्हणून ज्या थोड्या गोष्टी पाहुण्यांपुढे ठेवल्या, त्यांत आरे होते. १९६३ साली खुरोडींना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे सारे कौतुकास्पद आहे आणि मी त्यात काही उणे करणार नाही. फक्त त्या बाटलीतले दूध किती हातांतून जाई, ते आपण पाहू.

गोठे सरकारने बांधलेले, पण म्हशी परवानाधारक खाजगी मालकांच्या. त्या मालकांकडे धार काढणारे, शेण ओढणारे गडी बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेले. हा पहिला हात. म्हशींना लागणारे पॅरा गवत वसाहतीच्याच जमिनीवर, गोठ्यांच्या सांडपाण्यावर वाढवलेले. ते कापणे, पाट काढणे, असली कामे रोजावर करणारी माणसे हा दुसरा हात. त्यांत आरेच्या पाड्यांतले वारली आणि इतर आदिवासी असत. त्यांची वस्ती वसाहतीच्या आधीची. वसाहत त्यांच्या भोवती आली. दूध डेअरीत आले की यंत्रांवरचा आणि बाटल्या धुण्याभरण्यावरचा कामगार, हा तिसरा. सरकारी खात्याच्या आस्थापनेवरचा कारकून, शिपाई, चौकीदार हा चौथा. आणि पहाटे नाक्यानाक्यावरच्या दूधकेंद्रात बसून चंदेरी बुचांच्या बाटल्या वाटणारा गरजू विद्यार्थी किंवा गृहिणी हा पाचवा. दोन वर्षे मीही त्या पाचव्या हातातला एक होतो. पहाटे केंद्र आणि दुपारी मिळेल ते काम, असा तो काळ.

आता गंमत पाहा. दूध एकच, वसाहत एकच. पण कायद्याच्या दृष्टीने ही पाच माणसे पाच निरनिराळ्या जगांत राहत होती. डेअरीतला यंत्रावरचा माणूस हा १९४८ च्या कारखाना कायद्याचा कामगार. त्याच्या कामाचे तास, सुट्टी, जादा वेळेचे दुप्पट दाम, सारे ठरलेले. खात्यातला शिपाई सेवानियमांचा; त्याला निवृत्तिवेतन. गोठ्यातला गडी मात्र शेतमजूर! कारण १९४८ च्याच किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टाचा दुसरा भाग शेतीचा आहे, आणि त्यात दुग्धव्यवसाय व गुरे पाळणे यांचा स्पष्ट समावेश केलेला होता. मुंबई शहराच्या हद्दीत, वीज आणि डांबरी रस्ते असलेल्या वसाहतीत, सरकारी इमारतीत काम करणारा माणूस कायद्याच्या वहीत शेतावर होता. गवत कापणारा त्या दिवसापुरता रोजंदार, उद्याचे उद्या. आणि दूधकेंद्रावरचा विद्यार्थी अर्धवेळ, म्हणजे कामगार म्हणावे तर अर्धाच.

मालकाच्या परवान्याला म्हशी किती याच्याशी कर्तव्य होते. त्या म्हशींखाली बसणारे हात किती आणि कुणाचे, हे विचारण्याचे त्या परवान्याला कारण नव्हते. आजच्या विषयाचे बीज मला इथे दिसते.

गिरणीच्या दारातला बदली

आरेत जे दिसते ते काही आरेचे वैशिष्ट्य नाही. हा प्रश्न मुंबईत आधी परळ-लालबागला उभा राहिला होता, म्हणून थोडे मागे आणि थोडे दक्षिणेला जाऊ.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर आणि अपघातात भरपाई, अशा मागण्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मालकांनी मान्य केली. आपण आज रविवारी निवांत उठतो ते लोखंड्यांच्या पुण्याईने. परंतु त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनबद्दल पुढे सरकारी अहवालात शेरा पडला की, या संस्थेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. शेरा खवचट आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. कामगार हजारोंनी सह्या करीत होता, पण वहीत नव्हता. ना मालकाच्या, ना संघटनेच्या.

गिरणीत माणूस भरण्याचा अधिकार जॉबरचा. सकाळी दारात माणसे उभी. कोणी गैरहजर असेल त्याच्या जागी जॉबर ज्याला बोट दाखवील तो आत. हा बदली. बदलीचे दाम आणि काम जॉबरच्या मर्जीवर, आणि ती मर्जी राखायला पानसुपारीपासून दस्तुरीपर्यंत सारे लागे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला तो ना. म. जोशी यांच्या चिकाटीमुळे. त्याने संघटनेला नाव मिळाले, पण बदलीला मिळाले नाही. १९२८ च्या मोठ्या संपाने गिरणगाव सहा महिने थांबले. या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला, तो संघटनांना झोंबणारा होता. विणाई खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता, आणि ही बंदी मालकापेक्षा सहकारी कामगारच अधिक पाळीत. संघटनेच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही, असे बाबासाहेबांचे विचारणे होते. कामगारांची एकजूट ही आपोआप होत नाही, तिच्याही आत दारे असतात, हा धडा आमच्या चळवळीला तेव्हाच मिळाला होता. तो आम्ही किती शिकलो, ते पुढे सांगतो.

१९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदलीवर नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक माणसांना बदली-कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांतूनच भरायच्या. १९४४ ते ४६ च्या रेगे समितीच्या पाहणीत या पद्धतीची नोंद आहे. बघा, बदलीच्या हातात पहिला कागद आला तो हा. त्याने नोकरी मिळाली नाही. पण दारात उभे राहण्याचा हक्क लेखी झाला. पुढे १९५० मध्ये मुंबईसह राज्यातल्या कापडगिरण्यांसाठी सरकारी योजना आली आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून कार्यालयाच्या हातात जाऊ लागले. माझे वडील पुढे याच वर्गात आले. ते पुष्कळ वर्षे बदली होते. महिन्यातले किती दिवस काम मिळाले, हे आई त्यांच्या तोंडाकडे पाहून ओळखत असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर आमचे बिऱ्हाड गोरेगावला आले ते कायमचे.

दोनशे चाळीस दिवस

स्वातंत्र्याच्या आगेमागे कायद्यांची एक मोठी लाट आली. १९४२ ते ४६ या काळात मजूरखाते सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी तिचा पाया घातला होता. १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा, त्याच साली मुंबई प्रांताचा औद्योगिक संबंध कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चे कारखाना, किमान वेतन आणि राज्य विमा हे तीन कायदे. पाच-सहा वर्षांत या देशाने कामगाराला जेवढे लिहून दिले तेवढे आधीच्या साठ वर्षांत दिले नव्हते.

या साऱ्यांत कामगारांच्या तोंडी बसलेला आकडा एकच आहे : २४०. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचे प्रकरण आले. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या माणसाचे एक वर्ष सलग झाले असे धरावे, त्याला नोटीस व दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार दिल्याशिवाय काढू नये, असे त्यात ठरले. पुढे आपल्या राज्याच्या आदर्श स्टँडिंग ऑर्डर्समध्ये २४० दिवस भरलेल्या बदलीला व तात्पुरत्याला कायम करण्याची तरतूद आली.

कायदा करणाऱ्यांना वाटले, आपण दार उघडले. मालकाने त्यात एक उंबरठा पाहिला. २४० व्या दिवशी हक्क मिळतो ना, मग दोनशेतिसाव्या दिवशी माणूस घरी पाठवावा! याला आमच्याकडे ‘ब्रेक’ म्हणतात. हा शब्द गोरेगाव-मालाडच्या औद्योगिक वसाहतींत लहान पोरालाही ठाऊक असे.

मी स्वतः १९९० सालापासून एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण तो काही एकटा नव्हता. पहिला ब्रेक मिळाला तेव्हा महिनाभर घरी बसलो. दुसऱ्या खेपेस मुकादम म्हणाला, ‘ये, पण दुसऱ्या नावाने.’ मी धाकट्या भावाच्या नावाने आत गेलो. मस्टरवर भाऊ हजर, यंत्रावर मी. तिसऱ्या खेपेला पुन्हा माझे नाव. असे आम्ही दोघे भाऊ मिळून एक कायम कामगार होतो, पण दोघांपैकी एकाचेही २४० भरत नव्हते. एके दिवशी प्रेसने माझ्या डाव्या हाताची दोन बोटे घेतली. विमा दवाखान्याचे कार्ड भावाच्या नावाचे. नाव विचारल्यावर मी भावाचे सांगितले. अपंगत्वाच्या लाभाचा अर्ज करायचा तर खोट्या नावाची कबुली द्यावी लागणार, आणि कबुली दिली तर दोघांचेही काम जाणार. अर्ज केला नाही. त्या कागदांनुसार दोन बोटे माझ्या भावाची गेलेली आहेत; त्याची दहाही बोटे शाबूत आहेत.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. विमा कायदा होता, दवाखाना होता, डॉक्टर चांगला होता. कायद्यात खोट नव्हती. वहीतल्या नावात होती. त्या दिवसापासून मी कायद्याची पुस्तके वाचू लागलो.

सरकार मालक असते तेव्हा

कारखान्याचे एक बरे असते, तो कारखाना आहे याबद्दल वाद नसतो. पण मालक सरकार असले की पहिला प्रश्न उभा राहतो : हा उद्योग तरी आहे का? आरेच्या रोजंदाराचा प्रश्न याच जातीचा आहे. या प्रश्नाचा सारा इतिहास आपल्या मुंबई-महाराष्ट्रात घडला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जे. जे. रुग्णालयातील दोन वॉर्ड-कामगारांना भरपाई न देता काढले, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली. सरकार म्हणाले, रुग्णालय म्हणजे उद्योग नाही. जानेवारी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, म्हणजे साताऱ्याचेच. माणसांच्या गरजा भागवणारी सेवा पद्धतशीरपणे, मालक-नोकरांच्या सहकार्याने चालत असेल, तर नफा नसला तरी तो उद्योग होय, असा त्याचा आशय. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच तत्त्व अधिक रुंद केले. १९८२ मध्ये संसदेने ही व्याख्या आकुंचित करणारी दुरुस्ती मंजूर केली, परंतु ती अंमलात आणण्याची तारीख कधीच जाहीर झाली नाही. दार लावायचे ठरले, पण कडी घालायला कोणी गेले नाही.

दरम्यान महाराष्ट्राने १९७१ चा एक कायदा केला. त्याचे लांबलचक नाव कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध असे आहे. तो सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब मला तोंडपाठ आहे. कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने माणसांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे ही अनुचित प्रथा होय, असा तिचा अर्थ. या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘बदली’ हा शब्द जसाच्या तसा आहे. पुढे अशीच बाब केंद्राच्या कायद्यातही आली. गिरणीच्या दारात जॉबरच्या बोटाकडे पाहत उभ्या असलेल्या माणसाचा शब्द असा देशाच्या कायद्यात जाऊन बसला.

या बाबीचा आरेशी सर्वांत जवळचा खटला पुण्याचा आहे. पंचगाव-पर्वतीच्या वनीकरण योजनेवर वनखात्याने रोजंदार ठेवले होते. झाडे लावणे, जपणे हे काम. खाते म्हणाले, हा उद्योग नाही, आणि लोकांना हक्क डावलण्याचा आमचा हेतूही नाही. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. काम वर्षानुवर्षे चालणारे आणि माणूस मात्र कायम तात्पुरता, तर हेतू निराळा सिद्ध करायला नको, असा त्याचा गाभा. हेतू मालकाच्या पोटात असतो. तो काढून दाखवणे रोजंदाराला कसे जमणार? तो वर्षांच्या मोजणीतून दिसावा, हे न्यायालयाने ओळखले.

पण इतिहास एका दिशेने वाहत नाही. २००१ मध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठातील शेतमजुरांच्या बाबतीत न्यायालयाने सांगितले की, पदेच मंजूर नसतील तर विद्यापीठाने कायम करायचे कसे? २००६ मध्ये कर्नाटकातल्या उमादेवी खटल्यात घटनापीठाने मागच्या दाराने आलेल्यांना सरकारी सेवेत कायम करण्यास प्रतिबंध केला. २००९ मध्ये आपल्या एस.टी.च्या खटल्यात स्पष्ट झाले की, अनुचित प्रथा सिद्ध झाली तर १९७१ च्या कायद्याखालील औद्योगिक न्यायालयाचा अधिकार त्याने जात नाही. म्हणजे पद नसेल तर अडते, पद असून फसवणूक असेल तर सुटते. आता पद निर्माण करणे कोणाच्या हाती? ज्याला ते नको आहे त्याच्याच. गुंता इथे आहे, आणि तो कोर्टाच्या हातून सुटणारा नाही.

आमचा दोष

मालक आणि सरकार यांच्याविषयी बोलून टाळ्या मिळवणे सोपे असते. आता स्वतःकडे येतो.

बोटे गेल्यावर दोनएक वर्षांनी मी त्याच भागात संघटनेचे काम करू लागलो. एका कारखान्यात आमची संघटना मान्यताप्राप्त झाली. सोळा महिने वाटाघाटी चालल्या आणि चांगला करार झाला. कायम कामगारांना घसघशीत वाढ मिळाली, मिरवणूक निघाली, माझ्या गळ्यात हार पडला. करारात शेवटून दुसरे कलम असे होते : ‘तात्पुरत्या कामगारांचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेण्यात येईल.’ त्याखाली माझी सही आहे. तो विचार कधीच झाला नाही. वाढीचा बोजा भरून काढायला मालकाने पुढच्या वर्षी कायमच्या जागा रिकाम्या ठेवून कंत्राटदार आणला. ज्या मुलाने मिरवणुकीत लेझीम धरली होती, त्याला मुकादमाने ‘उद्यापासून दुसऱ्या नावाने ये’ म्हणून सांगितले. तो माझ्याकडे आला. मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिले आणि त्याला म्हणालो, बाबा रे, तू सभासद नाहीस.

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे विसरू शकलेलो नाही. कायम सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संघटना कायमांचेच पाहते, हा हिशेब आहे, दुष्टपणा नाही. पण त्या हिशेबानेच संघटना बारीक झाली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राट कुठे बंद करावे ते सांगितले. कंत्राट बंद झाल्यावर माणसाचे काय, ते सांगितले नाही. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला मूळ मालकाकडे नोकरी मिळावी म्हटले, २००१ मध्ये तो निकाल फिरला. अशा वेळी संघटनेने बाहेरच्याला आत घ्यायला हवे होते. ज्यांनी घेतले, त्यांना यश आले. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचा लढा वर्षानुवर्षे लढवला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २,७०० कामगारांना कायमपण मिळवून दिले. त्यांच्याकडे मोठा निधी नव्हता; नावांची यादी मात्र चोख होती.

मालक एक नसला तर

कोणी विचारील, एकच मालक असेल तर मस्टर ठीक. दहा मालकांकडे दहा घटका काम करणाऱ्याचे काय? याचे उत्तरही महाराष्ट्राने शोधले आहे, आणि आपण त्याची आठवण कमी ठेवतो.

बाजारातल्या हमालाला मालक नसतो. सकाळी एकाची पोती, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने मंडळ नेमले. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करायची, हमालानेही करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मंडळाने हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा द्यायची. मालक अनेक, पण वही एक, आणि ती सार्वजनिक. पुढे या मंडळांत दोष शिरले हे मी नाकारीत नाही. पण ‘मालक सापडत नाही म्हणून हक्क देता येत नाही’ ही सबब त्या दिवसापासून खोटी ठरली.

दुसरा प्रयोग रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात तो आरंभला, १९७२ च्या दुष्काळात त्याची कसोटी लागली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. त्यासाठी शहरातल्या नोकरदारावर १९७५ पासून व्यवसाय कर बसला. म्हणजे गिरणीच्या मस्टरवरच्या माणसाच्या पगारातून बांधावरच्या मस्टरवरच्या माणसाची मजुरी निघाली. रोजगार-नीती याला म्हणतात. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना देशभर नेली. तिची उणीव एवढीच की, ती खेड्यापुरती राहिली. शहरातल्या नाक्यावर उभ्या मजुराला तशी हमी मिळाली नाही.

आजची वही

आता आरेकडे परत येतो. जिल्ह्याजिल्ह्यांतून सहकारी संघांचे दूध येऊ लागले, पिशव्या आल्या, काचेच्या बाटल्या गेल्या, केंद्रांतली पहाटेची गर्दी ओसरली. वसाहतीच्या जमिनीवर १९७७ मध्ये चित्रनगरी आली. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा आरेचे नाव देशभर झाले. झाडांची मोजणी झाली हे योग्यच झाले. पण गोठ्यात माळ्यावर झोपणाऱ्या माणसांची मोजणी त्या गदारोळात कोणी मागितली नाही, याची मला खंत आहे.

आज पहाटे आरेच्या रस्त्यावर उभे राहा. दुधाच्या पिशव्या, भाजी, जेवण घेऊन मोटारसायकलवर मुले जातात. त्यांना काम देतो तो मोबाइल. घरी बसवतो तोही मोबाइल. त्यांना ब्रेक द्यायला दोनशेतिसावा दिवस लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार-संहिता लागू केल्या आणि जुने एकोणतीस कायदे त्यांत गोळा केले. सामाजिक सुरक्षा संहितेने या मुलांना प्रथमच कायद्यात नाव दिले. कंपनीने वार्षिक उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा त्यांच्या निधीसाठी द्यावा, तो त्यांना द्यायच्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, असे तिच्यात आहे. हे पाऊल पुढचे आहे, असे मी मोकळेपणाने म्हणतो. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हेही चांगले. पण त्याच वेळी स्टँडिंग ऑर्डर्सची सक्ती तीनशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती राहिली. आधी केंद्राच्या कायद्यात ती मर्यादा शंभर होती. आणि मुदत संपली म्हणून गेलेला माणूस कपातीत मोजला जात नाही. पूर्वी ब्रेक चोरून द्यावा लागे. आता तो करारात तारीख घालून देता येईल.

२०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंदणी सुरू आहे. आमच्या कार्यालयातून आम्ही शेकडो नावे भरून दिली. ते करताना मला एक फरक जाणवला. मस्टरवर दोन नावे असतात : कामगाराचे, आणि वहीच्या मथळ्यावर मालकाचे. पोर्टलवर एकच नाव आहे. नोंद झाली, पण नाते लिहिले गेले नाही. नोंदीने मदत मिळू शकेल. नाते लिहिल्याशिवाय हक्क मिळणार नाही. म्हणून कोणत्याही नव्या कायद्याकडे मी एकाच प्रश्नाने पाहतो, आणि आपणही पाहावे : या वहीत कामगाराच्या नावासमोर जबाबदार कोण, हे लिहिले आहे काय? माथाडी कायद्याने ते लिहून दाखवले. मोबाइलवरून कामे वाटणाऱ्यांच्या बाबतीत तर ते अधिक सोपे आहे, कारण प्रत्येक फेरीची नोंद त्यांच्याकडे सेकंदापर्यंत असते. जॉबरच्या डोक्यात असलेली वही आता यंत्रात आहे. ती मंडळापुढे उघडी करावी, एवढेच करायचे आहे.

हे सरकार आपण होऊन करील असे मला वाटत नाही. १८८४ पासून तसे कधी झालेले नाही. संघटनांनी मागितले पाहिजे, आणि मागण्याआधी स्वतःची वही दुरुस्त केली पाहिजे. आमच्या संघटनेने आता घटना बदलली आहे. त्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा कोणीही, कायम असो, कंत्राटी असो, ब्रेकवर असो, वर्गणी भरो वा न भरो, सभासद होऊ शकतो. निधी कमी झाला, भांडणे वाढली, काही जुने कायम सभासद रागावून गेले. पण गेल्या पावसाळ्यात आरेच्या एका युनिटातले दोन गडी कार्यालयात आले आणि बाहेरच उभे राहिले. त्यांना वाटले, ही जागा त्यांची नाही. मी त्यांना आत बसवले, रजिस्टर पुढे ओढले आणि विचारले, तुमचे नाव काय? एकाने चटकन नाव सांगितले. दुसरा थोडा थांबला आणि म्हणाला, ‘साहेब, खरे सांगू की मालकाकडचे?’

मी म्हणालो, खरे सांगा. आणि उजव्या हाताने ते लिहून घेतले.